अठरा वर्षांची मुदत

1966 साली जपानमध्ये मुलं एकदम कमी जन्मली. आदल्या वर्षी 18 लाख 24 हजार जन्म झाले होते, त्या वर्षी 13 लाख 61 हजार, आणि पुढच्याच वर्षी आकडा परत 19 लाखांच्या वर. ना युद्ध, ना दुष्काळ, ना साथ. कारण पंचांगात होतं. तिथल्या साठ वर्षांच्या चक्रात एक 'हिनोए-उमा' म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जुनी समजूत. मूळ नक्षत्रावरच्या मुलीचं लग्न जमवताना आपल्याकडे जे ऐकवलं जायचं, त्याच जातीचं हे. बुलेट ट्रेन धावू लागून दोन वर्षं झालेल्या देशात लाखो जोडप्यांनी 'यंदा नको' असं ठरवलं. (2026 हे पुन्हा त्याच नावाचं वर्ष. पण आता जन्म इतके घटलेत, की पंचांगाला फारसं काही करायला उरलेलं नाही.)

पुढे हा खड्डा शाळांच्या पटावर दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकत गेला. पहिलीच्या वर्गात मुलं कमी, मग दुसरीत, मग माध्यमिक शाळेत. आणि 1985च्या सुमाराला विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांना स्पर्धक थोडे कमी. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही, कारण सगळ्यांना ते अठरा वर्षं आधीपासून माहीत होतं. पाऊस किती पडेल, कांद्याला काय भाव येईल, निवडणूक कोण जिंकेल यातलं काहीही वर्षभर आधी खात्रीनं सांगता येत नाही. पण बाहेरून फारसे लोक येऊन न राहणाऱ्या देशात अठरा वर्षांनी महाविद्यालयाच्या दारात जास्तीत जास्त किती मुलं उभी राहणार, हे जन्मनोंदणीच्या वहीतून आजच वाचता येतं.

असं असताना जपाननं मुलं कमी होत चाललेल्या तीस वर्षांत जवळजवळ तीनशे विद्यापीठं वाढवली. हे झालं कसं, हा या प्रकरणाचा विषय.

आधी ओहोटी कुठून सुरू झाली ते पाहू. महायुद्धानंतर 1947 ते 1949 या तीन वर्षांत जपानमध्ये जन्मांची लाट आली. ती मुलं मोठी होऊन संसाराला लागली तेव्हा, 1971 ते 1974 मध्ये, दुसरी लाट आली. ही दुसरी लाट अठरा वर्षांची झाली 1990च्या आगेमागे. 1992 साली देशात अठरा वर्षांची मुलंमुली 20 लाख 50 हजार होती. विद्यापीठं 523. प्रवेश परीक्षेला 'परीक्षेचा नरक' म्हणायची पद्धत होती आणि तो शब्द उगाच रूढ झालेला नव्हता. त्या काळात अर्ज करणाऱ्या दहांतल्या साधारण चौघांना कुठेही जागा मिळत नसे. नापास झालेली मुलं वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी करत. त्यांना 'रोनिन' म्हणत, म्हणजे धनी नसलेला सामुराई. दोन-दोन वर्षं रोनिन राहणं यात लाजिरवाणं काही नव्हतं. या रोनिनांच्या जिवावर क्लासवाल्यांची साम्राज्यं उभी राहिली. योयोगी सेमिनार, कावाइजुकू, सुंदाई ही नावं तिथल्या घराघरांत ठाऊक होती. मोठ्या स्टेशनांजवळ त्यांच्या बहुमजली इमारती असत. लातूर किंवा कोटा पाहिलेल्याला वेगळं वर्णन करून सांगायला नको.

1992नंतर आकडा उतरू लागला आणि मधली काही वर्षं सोडली तर उतरतच राहिला. 2023 साली अठरा वर्षांची मुलं जेमतेम 11 लाख होती. तीस वर्षांत जवळजवळ निम्मी. त्याच 2023 साली विद्यापीठांची संख्या होती 810.

यात धोरणाचा हात होता. 1991 मध्ये शिक्षण मंत्रालयानं विद्यापीठांवरचे अभ्यासक्रमाचे जाचक नियम सैल केले. 2000नंतरच्या नियंत्रणमुक्तीच्या वाऱ्यात नवं विद्यापीठ, नवी विद्याशाखा काढणं आणखी सोपं झालं. 'आधी अडवू नका, नंतर तपासा' हे तेव्हाचं ब्रीद. पण नुसत्या परवानगीनं वर्ग भरत नाहीत. वर्ग भरले ते दुसऱ्याच कारणानं, आणि ते समजून घेण्यासाठी एक साधा गुणाकार पुरतो. 1992 साली अठरा वर्षांच्या मुलांपैकी 26.4 टक्के विद्यापीठात जात होती. 20 लाख 50 हजारांचे 26.4 टक्के म्हणजे सुमारे 5 लाख 40 हजार. 2023 साली हे प्रमाण 57.7 टक्के झालं होतं. 11 लाखांचे 57.7 टक्के म्हणजे 6 लाख 30 हजारांच्या वर. मुलं निम्मी झाली आणि विद्यापीठात शिरणारी मुलं जवळपास लाखानं वाढली!

हा वाढलेला टक्का मोठ्या प्रमाणात मुलींचा आहे. 1992 साली जपानमध्ये जेमतेम 17 टक्के मुली चार वर्षांच्या विद्यापीठात जात. त्याहून जास्त मुली दोन वर्षांच्या महाविद्यालयात जात. (याचा आपल्या अकरावी-बारावीच्या 'ज्युनियर कॉलेज'शी संबंध नाही, बारावीनंतरची ही छोटी पदविका.) गृहविज्ञान, साहित्य, बालशिक्षण असे विषय शिकायचे, दोन वर्षं एखाद्या कंपनीच्या कचेरीत काम करायचं आणि लग्न करून घर सांभाळायचं, असा तो आखून दिलेला रस्ता होता. मुलीला चार वर्षं शिकवलं तर तिच्या नोकरीला आणि लग्नालाही अडचण, असं आईबाप उघड बोलत. समान संधीचा कायदा आधीच आला होता, मग मंदी आली, कचेऱ्यांतली ती ठरावीक कामं आटली. 1996 साली प्रथमच दोन वर्षांच्या महाविद्यालयांपेक्षा विद्यापीठात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जास्त झालं, आणि मग अंतर वाढतच गेलं. आज निम्म्याहून जास्त मुली विद्यापीठात जातात.

म्हणजे मुलांच्या टंचाईचा पहिला फटका विद्यापीठांना बसलाच नाही. तो खालच्या पायरीनं झेलला. 1996 मध्ये दोन वर्षांची महाविद्यालयं सुमारे 600 होती, आता 300च्या आसपास उरलीत. विद्यार्थी तर पाच लाखांवरून लाखाच्याही खाली आले. नाहीशी झालेली बरीच महाविद्यालयं बंद पडलेली नाहीत. त्यांनी दोन वर्षं आणखी जोडली, पाटी बदलली आणि तीच विद्यापीठं झाली. 810 मधली कितीतरी अशी आहेत.

धोक्याचे इशारे मधल्या काळात कमी दिले गेले नाहीत. 2007च्या सुमारास 'सर्वांना प्रवेशाचं युग' येणार, म्हणजे अर्ज आणि जागा समसमान होणार, असं सांगितलं जात होतं. नंतर '2018चा प्रश्न' आला. त्या वर्षापासून अठरा वर्षांच्यांची संख्या पुन्हा उतरणीला लागणार होती. दोन्ही तारखा आल्या आणि गेल्या. आकाश कोसळलं नाही, कारण टक्का वाढतच होता. लांडगा आला रे आला ऐकून कंटाळलेल्या संस्थाचालकांनी नव्या इमारतींचे नकाशे पास करून घेतले. माझ्या मते खरी चूक इथे झाली. जन्माचा आकडा सगळ्यांनी वाचला होता. पण टक्का हे काही पुन्हा पुन्हा भरणारं भांडं नाही, तो शंभराच्या बराच अलीकडे कुठेतरी थांबणार, हे हिशेबात धरायला कुणी तयार नव्हतं.

लांडगा खरं तर आलेलाच होता. फक्त तो पुढच्या दारानं आला नव्हता. 2000 सालच्या सुमारास कावाइजुकूचे लोक नेहमीसारखा विद्यापीठांचा कटऑफ तक्ता करायला बसले, तर काही ठिकाणी कटऑफ काढताच येईना. नापास झालेली मुलंच इतकी थोडी, की कुठल्या गुणांवर प्रवेश नाकारला जातो हे कळेना. अशा विद्यापीठांपुढे त्यांनी 'बॉर्डर फ्री' असा शेरा मारला. बोलीभाषेत त्याचं 'एफ रँक' झालं, आणि लोक ते 'फेल'मधल्या एफसारखं वापरू लागले. मग क्लासवाल्यांचीच पाळी आली. रोनिन संपले की रोनिनांचा धंदा संपतो. 2014 साली योयोगी सेमिनारनं आपल्या 27 शाखांपैकी 20 बंद करत असल्याचं जाहीर केलं. विद्यापीठांच्या आधी क्लास बसला, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत बोलकं वळण वाटतं. मुलांची गर्दी ओसरली हे ज्याच्या गल्ल्यावर रोज दिसतं, त्याला आधी समजतं.

विद्यापीठांकडे परतू. 2021 साली जपानच्या खासगी विद्यापीठांत मिळून जागांपेक्षा विद्यार्थी कमी आले. हे पहिल्यांदाच घडत होतं. 2024 मध्ये 598 खासगी विद्यापीठांपैकी 354 विद्यापीठांना आपल्या मंजूर जागा भरता आल्या नाहीत. म्हणजे दहांतली सहा. पण त्याच वर्षी सर्व खासगी विद्यापीठांची मिळून जागा भरण्याची टक्केवारी 98च्या वर होती. हे दोन आकडे एकत्र ठेवल्याशिवाय प्रश्न समजत नाही. एकूण तूट फक्त दोन टक्क्यांची. ती सगळ्यांवर सारखी वाटली असती, तर कुणाला जाणवलीही नसती. पण मुलं कमी झाली की रांगेत उभा असलेला प्रत्येक जण एकेक पायरी वर सरकतो. काल ज्याला वासेदासारखं नामवंत विद्यापीठ मिळालं नसतं त्याला आज मिळतं. त्यानं सोडलेली जागा खालचा घेतो, त्याची त्याच्या खालचा. वरची पायरी कायम भरलेली राहते आणि सगळी तूट शेवटच्या पायरीवर साचते. दोन टक्क्यांची टंचाई अशा रीतीनं एखाद्या गावातल्या विद्यापीठापर्यंत पोचेतो चाळीस-पन्नास टक्क्यांची होते.

ती शेवटची पायरी बहुधा लहान असते, मोठ्या शहरांपासून दूर असते आणि बऱ्याचदा फक्त मुलींसाठी असते. दक्षिण कोरियात याला एक झोंबरी म्हण आहे: चेरीचा बहर ज्या क्रमानं येतो, त्या क्रमानं विद्यापीठं बुडणार. बहर दक्षिणेकडून सुरू होतो आणि सोलला शेवटी पोचतो. 2021च्या प्रवेशांत तिथे 40 हजारांहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेक राजधानी परिसराच्या बाहेरच्या.

जपान सरकारनं शहरांकडचा ओढा अडवून पाहिला. 2016पासून मोठ्या खासगी विद्यापीठांवर बंधन आणलं: मंजूर जागांपेक्षा जादा मुलं घ्याल तर सरकारी अनुदान जाईल. ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं आवळत 1.1 पटीवर आणली. 2018 साली कायदा करून तोक्योच्या मध्यवर्ती 23 वॉर्डांत विद्यापीठांच्या जागा वाढवायला दहा वर्षं बंदी घातली. परिणाम गमतीशीर झाला. तोक्योतल्या बड्या विद्यापीठांनी मुलं कमी घेतली खरी, पण त्या मुलांनी काही सामान बांधून गावचा रस्ता धरला नाही. ती तोक्योतल्याच दुय्यम विद्यापीठांत गेली. काही वर्षं त्या मधल्या फळीची चांदी झाली आणि खेड्यातल्या विद्यापीठांना थोडा श्वास मिळाला, इतकंच.

आकड्यांमागची एक संस्था जवळून पाहू. तोक्योच्या पश्चिमेला तामा नावाचं शहर आहे. तिथे केइसेन हे मुलींचं विद्यापीठ आहे. कावाइ मिची या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1929 साली सुरू केलेल्या ख्रिस्ती शाळेतून ते वाढलं आणि विद्यापीठ म्हणून 1988 मध्ये उभं राहिलं, म्हणजे दुसरी लाट दारात येत असताना. इथली एक गोष्ट आगळी होती. विषय कोणताही घ्या, पहिल्या वर्षी शेतीकाम सक्तीचं. मुली वाफे करायच्या, बी पेरायच्या, तण काढायच्या, आणि रासायनिक खत किंवा औषध न वापरता पिकवलेली भाजी घरी न्यायच्या. या शेताला सेंद्रिय शेतीचं सरकारी प्रमाणपत्र होतं. बाईंची श्रद्धा होती की शांततेचं शिक्षण मातीत हात घालून सुरू होतं. मार्च 2023 मध्ये संस्थेनं जाहीर केलं, की 2024पासून नवे प्रवेश बंद. अठरा वर्षांच्या मुलींची घट आणि मुलींच्या विद्यापीठांकडे कमी होत चाललेला कल, अशी कारणं दिली. संस्थेची मूळ शाळा चालू राहिली. विद्यापीठ शेवटच्या तुकडीला पदवी मिळेपर्यंत.

केइसेन एकटं नव्हतं. त्याच वर्षी कोबे काइसेई या मुलींच्या विद्यापीठानं तोच निर्णय घेतला आणि 2025 मध्ये क्योतोच्या नोत्र दामनं. मुलींची विद्यापीठं एकेकाळी शंभराच्या जवळ होती, ती सत्तरीच्या घरात आली आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं, निशिनोमियाचं मुकोगावा, 2027पासून मुलांनाही घेणार आहे. हे जाहीर झाल्यावर विद्यार्थिनींनी आणि पालकांनी विरोधात सह्यांची मोहीम काढली. त्यांचं म्हणणं रास्त होतं: आम्ही मुलींचं विद्यापीठ म्हणून इथे आलो. व्यवस्थापनाची अडचणही खरी होती. मुलींच्या संख्येपेक्षा मुलंमुलींची संख्या दुप्पट असते, आणि टंचाईत एवढा एकच उपाय फुकट मिळतो.

बाकीचे उपाय महाग आहेत किंवा वाकडे. सर्वांत रुळलेला म्हणजे मुलांना लवकर गाठणं. जपानमध्ये लेखी प्रवेश परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्याआधीच, शाळेची शिफारस, मुलाखत, निबंध यांवर प्रवेश पक्का करायची पद्धत आता इतकी पसरली आहे, की विद्यापीठात येणारी निम्म्याहून जास्त मुलं याच वाटेनं येतात. डिसेंबरात जागा हातात आलेल्या मुलाला फेब्रुवारीपर्यंत अभ्यास कोण करायला लावणार? मग पहिल्या वर्षात अपूर्णांक आणि इंग्रजीची मूळ क्रियापदं शिकवायची पाळी येते. 2025 मध्ये अर्थमंत्रालयानं नेमकी अशीच उदाहरणं पुढे ठेवून विचारलं, की या विद्यापीठांना करदात्याचा पैसा का द्यायचा? प्रश्न बिनतोड वाटतो. पण अपूर्णांक न येणारा मुलगा शाळेतून तसाच बाहेर पडला, तो विद्यापीठानं बिघडवलेला नाही. पूर्वी तो गाळला जायचा म्हणून दिसत नसे. आता आत घेतला जातो म्हणून दिसतो. त्याला निदान कुणीतरी शिकवतंय. अनुदान तोडायचं तर तोडा, पण या कारणानं नको.

दुसरा उपाय मात्र खास जपानी आहे: खासगी विद्यापीठानं सरकारी व्हायचं. नियम असा की स्थानिक शासनाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या संख्येनुसार केंद्राकडून त्या शासनाला मिळणारा महसुली वाटा वाढतो. शिकोकू बेटावरच्या कोची तंत्रज्ञान विद्यापीठानं 2009 साली ही वाट पाडली. खासगी विद्यापीठात वर्षाची शिकवणी फी सरासरी साडेनऊ लाख येनच्या आसपास. सरकारी झाल्यावर ती 5 लाख 35 हजार 800 येनच्या पातळीवर येते. तीच इमारत, तेच प्राध्यापक, तेच डोंगर, आणि अर्ज अनेक पटींनी वाढले. मग ओकिनावा, तोत्तोरी, फुकुचियामा, नागानो अशी रांग लागली. 2018 मध्ये सुवा त्यात आलं. यात एक मेख आहे. नवी मुलं कुठून आली? काही शेजारच्या खासगी विद्यापीठातून, काही दूरच्या प्रांतांतून स्वस्त जागा शोधत. शिकून झालं की ती परत जातात. गावानं गाव जगवायला पैसा घातला आणि फी सवलत मिळाली परगावच्या मुलाला, अशी कुरकुर त्या त्या गावात ऐकू येते. तरी चार वर्षं का होईना, गावच्या खानावळीत आणि भाड्याच्या खोल्यांत तरुण माणसं असतात. जिथे शाळाही मिटत चालल्या आहेत, तिथे याची किंमत येनमध्ये मांडता येत नाही.

तिसरा उपाय परदेशी विद्यार्थी. 2008 मध्ये जपाननं तीन लाखांचं उद्दिष्ट ठेवलं आणि 2019 मध्ये ते गाठलंही. चीन, व्हिएतनाम, नेपाळ इथून मुलं आली. पण त्यांतली बरीच भाषाशाळांत आणि व्यवसाय संस्थांत होती, आणि ज्या विद्यापीठाला जपानी मूल मिळत नाही तिथे परदेशी मूलही खुशीनं जात नाही.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडचा विचार सुचणं साहजिक आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या 2.1 या पातळीच्या बराच खाली. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहतात त्या अजून या कारणानं नव्हे. कॉलेजं भरमसाट निघाली म्हणून. उच्च शिक्षणातलं महाराष्ट्राचं नोंदणीचं प्रमाण 2021-22 मध्ये 35 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे जपाननं ज्या उशीवर तीस वर्षं डोकं टेकलं ती आपल्याकडे अजून बरीच फुगलेली आहे. अमेरिकेत ती जवळपास बसली आहे: तिथे जन्म 2007 साली 43 लाखांवर पोचले आणि मंदीनंतर घसरले. त्या मुलांची शाळा आता संपत आली आहे. तिथली पद्धतही निर्दय. जून 2024 मध्ये फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सनं आठवडाभराच्या सूचनेवर दारं लावली. केइसेननं शेवटच्या तुकडीसाठी वर्ग चालू ठेवले, ते याच्या शेजारी ठेवून पाहावं.

फेब्रुवारी 2025 मध्ये जपानच्या केंद्रीय शिक्षण परिषदेनं नवा हिशेब मांडला. 2021 मध्ये विद्यापीठांत 6 लाख 30 हजारांच्या आसपास मुलं शिरली. 2040 मध्ये ती 4 लाख 60 हजार असतील, आणि यात वाढलेला टक्का नि परदेशी विद्यार्थी आधीच धरलेले आहेत. सुमारे 1 लाख 70 हजार जागांच्या तुटीची ही गोष्ट आहे. परिषदेनं यावेळी 'दर्जा सुधारा' एवढ्यावर थांबणं सोडून आकार कमी करायला सांगितलं: नव्या परवानग्या कडक करा, एकाच भागातल्या संस्थांनी मिळून जागा ठरवा, विलीन व्हा. आणि ज्यांना मिटायचंच आहे त्यांना नीट मिटता यावं, म्हणून उरलेल्या विद्यार्थ्यांना दुसरीकडे हलवण्याची आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळण्याची व्यवस्था लावा. हे शेवटचं कलम कारकुनी वाटतं खरं. पण पन्नाशीतल्या बाईला नोकरीसाठी पदवीचा दाखला लागला आणि पदवी देणारं विद्यापीठच उरलेलं नसलं, तर तिनं कोणाच्या खिडकीपुढे उभं राहायचं, हे कुणीतरी ठरवून ठेवायला हवं होतं.